‘गोलमाल’च्या शेजारघरी : कमी गाजलेले हलकेफुलके विनोदी चित्रपट शोधण्याची आणि पाहण्याची रीत

मागच्या दिवाळीत आमच्या घरी अकरा माणसे जमली होती आणि जेवणे आटोपल्यावर एखादा जुना, हलकाफुलका चित्रपट लावावा असे ठरले. मी मोठ्या ऐटीत ‘खट्टा मीठा’ सुचवला. विधुर होमी मिस्त्री झालेले अशोककुमार, विधवा नर्गिस सेठना झालेल्या पर्ल पदमसी, दोघांची मिळून सात मुले आणि उतारवयातल्या या लग्नामुळे दोन पारशी कुटुंबांची उडालेली धांदल, असे सगळे वर्णनही आधीच करून ठेवले. भाच्याने नाव टाकले, चित्रपट सुरू झाला आणि पडद्यावर रस्त्यांची कंत्राटे घेणारा अक्षयकुमार अवतरला. नावे येत असताना मी स्वयंपाकघरात होतो. पंधरा मिनिटांनी सासऱ्यांनी शांतपणे विचारले, “हे पारशी केव्हा यायचे आहेत?”

अशा फजित्या मी बऱ्याच केल्या आहेत. तुमच्या वाट्याला त्या येऊ नयेत, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. यातला बहुतेक मजकूर १९७५ ते १९८६ या काळातल्या हिंदी मध्यमवर्गीय विनोदी चित्रपटांविषयी आहे, कारण तोच प्रांत मला नीट ठाऊक आहे. मराठीसाठी शेवटाकडे एक पायरी राखून ठेवली आहे. या चित्रपटांमध्ये मारामारी नाही, खलनायक जवळजवळ नाही आणि कथानक बहुधा एका खोट्यावर उभे असते. मोठ्या चित्रपटांच्या गर्दीत यांतले दोनतीनच लोकांच्या ध्यानात राहिले आणि बाकीचे त्यांच्या सावलीत गेले.

जवळ काय असावे

एक साधी वही आणि पेन, आकडेमोडीपुरता मोबाइल, सलग सव्वादोन तासांची फुरसत आणि शक्य झाल्यास साठीच्या पुढचे एक माणूस. शेवटची वस्तू ऐच्छिक असली तरी फार उपयोगी पडते. ट्रंक कॉल, रेशनचे रॉकेल आणि स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे, हे विनोद समजावून सांगायला दुसरे कोणी मिळत नाही.

१. चित्रपटाच्या नावाऐवजी माणसाचा माग काढा

नवखा माणूस “उत्तम विनोदी चित्रपट” अशा याद्या शोधतो आणि प्रत्येक यादीत त्याला तीच पाच नावे सापडतात. त्यापेक्षा तुम्हाला आवडलेला एक प्रसिद्ध चित्रपट घ्या आणि त्यात नायक सोडून कोण आवडले, हे स्वतःला विचारा. ‘गोलमाल’ (१९७९) पाहिलेल्या बहुतेकांचे उत्तर उत्पल दत्त असे येते. मिशीवर निस्सीम श्रद्धा असणारा तो भवानीशंकर आणि त्याचा तो “ईईश” कोण विसरेल? बंगाली रंगभूमीवर कडक राजकीय नाटके करणाऱ्या या नटाला विनोदी भूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार तीनदा मिळाला: ‘गोलमाल’, ‘नरम गरम’ (१९८१) आणि ‘रंगबिरंगी’ (१९८३) यांसाठी. म्हणजे एका पुरस्काराच्या धाग्याने तुमच्या हाती दोन कमी गाजलेले चित्रपट आले. तिन्हींचे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी आहेत. ‘नरम गरम’मध्ये तर उत्पल दत्त पुन्हा भवानीशंकर आहेत आणि अमोल पालेकर पुन्हा रामप्रसाद, जणू तीच दोन माणसे दुसऱ्या घरात राहायला गेली आहेत. ‘गोलमाल’ची घट्ट वीण त्यात नाही हे मान्य, परंतु तो ‘गोलमाल’ची उष्टी पत्रावळ आहे असे जे म्हटले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. ‘रंगबिरंगी’त हेच गृहस्थ धुरंधर भाटवडेकर नावाचे पोलीस अधिकारी आहेत. बंगाली नटाने भाटवडेकर हे आडनाव ज्या इतमामाने धारण केले आहे, ते मराठी माणसाने एकदा तरी पाहावे.

दुसरा धागा देवेन वर्मा यांचा. हे पुण्यात वाढलेले गृहस्थ. ‘चोरी मेरा काम’, ‘चोर के घर चोर’ आणि ‘अंगूर’ या तीन चित्रपटांसाठी त्यांनाही तोच पुरस्कार मिळाला. पहिले दोन आज पाहताना मधूनमधून धीर धरावा लागतो. ‘अंगूर’ (१९८२) मात्र सरळ लावावा.

तिसरा धागा बासू चटर्जी यांचा. दिग्दर्शक होण्यापूर्वी त्यांनी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात अनेक वर्षे व्यंगचित्रे काढली आणि ही गोष्ट मनात ठेवली की त्यांचे चित्रपट वेगळेच दिसू लागतात. बसच्या रांगेतली, लोकलच्या बाकावरची, डबा उघडून बसलेली माणसे चौकटीत अशी मांडलेली असतात की खाली एक ओळ लिहिली की व्यंगचित्र तयार व्हावे. त्यांच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) आणि ‘बातों बातों में’ (१९७९) या चित्रपटांना प्रेक्षकांची कमतरता नाही. तुम्ही ‘शौकीन’ (१९८२) आणि ‘चमेली की शादी’ (१९८६) यांकडे वळा. चाळिशीपर्यंत ब्रह्मचारी राहण्याचा संकल्प केलेला पैलवानाचा चेला कोळशाच्या वखारवाल्याच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि दोन्हीकडच्या जातींचे अभिमान खडबडून जागे होतात, हा ‘चमेली’चा विषय आहे. जातीवर इतक्या हसऱ्या तोंडाने इतके बोचरे बोलणारे हिंदी चित्रपट थोडे असतील.

२. नाव, वर्ष आणि दिग्दर्शक या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज चित्रपट लावू नका

माझी दिवाळीची फजिती याच पायरीवर झाली. या प्रकारातल्या चित्रपटांची नावे पुढे सर्रास पुन्हा वापरली गेली आणि शोधताना नवा चित्रपट नेहमी वर येतो. ‘खट्टा मीठा’ १९७८चा बासू चटर्जींचा आणि २०१०चा प्रियदर्शन यांचा; दोघांच्या कथांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. ‘दिल्लगी’ १९४९, १९७८ आणि १९९९ अशा निरनिराळ्या वर्षी झाला असून आपल्याला १९७८चा, म्हणजे धर्मेंद्र संस्कृतचे प्राध्यापक झाले आहेत तो, हवा असतो. ‘चश्मे बद्दूर’ची कथा तर आणखी मजेची आहे. २०१३मध्ये नवा ‘चश्मे बद्दूर’ आणि सई परांजपे यांच्या १९८१च्या मूळ चित्रपटाची नवी करून घेतलेली प्रत, ही दोन्ही एकाच शुक्रवारी प्रदर्शित झाली. तिकिटाच्या खिडकीवर कोणी काय मागितले असेल, ते देव जाणे.

सर्वांत वाकडा पेच ‘दो दूनी चार’चा आहे. ऋषी कपूर यांचा २०१०चा चित्रपट लोकांना ठाऊक असतो. १९६८चा ‘दो दूनी चार’ हा किशोरकुमार आणि असित सेन यांचा असून दोन जुळ्या जोड्यांच्या शेक्सपिअरी घोटाळ्यावर तो बेतलेला आहे. त्याची पटकथा गुलजार यांची होती. तो फारसा चालला नाही, आणि चौदा वर्षांनी त्याच मूळ नाटकावर गुलजार यांनी स्वतः ‘अंगूर’ केला. दोन्ही पाठोपाठ पाहिले तर एकच विनोद पहिल्या खेपेला का फसला आणि दुसऱ्या खेपेला का जमला, याचा धडाच मिळतो. ‘अंगूर’मध्ये पात्रांना आपण विनोदी प्रसंगात सापडलो आहोत याचा पत्ताच नसतो, संजीवकुमार सबंध चित्रपटभर खरोखर वैतागलेले आहेत.

या पायरीवरचा आणखी एक सापळा माणसांच्या नावांचा आहे. असित सेन नावाचे विनोदी नट निराळे आणि ‘खामोशी’चे दिग्दर्शक असित सेन निराळे. बासू चटर्जी निराळे, बासू भट्टाचार्य निराळे. दुसऱ्या बासूंचा चित्रपट हलकाफुलका समजून लावलात, तर रात्री उशिरापर्यंत झोप येणार नाही.

३. प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे आधी तपासा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग “चित्रपट विस्कळीत वाटला” असे मत देऊन मोकळे होतात. विनोदी चित्रपटात पहिल्या तासात पेरलेली गोष्ट दुसऱ्या तासात उगवते. मधला चार मिनिटांचा तुकडा गेला की उगवलेले दिसते, परंतु पेरणी दिसत नाही. मी पाहिलेल्या एका प्रतीत गाण्याबरोबर त्यानंतरचे दोन प्रसंगही उडाले होते, आणि सगळी पात्रे ज्या छत्रीवरून भांडत होती ती छत्री आली कोठून, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. चित्रपटाच्या आरंभी प्रमाणपत्र दिसते, ज्याला आपण अजूनही सेन्सॉरचे सर्टिफिकेट म्हणतो. तेथे चित्र थांबवा. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी दिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते, म्हणजे मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. मीटरच्या आकड्याला २७.४ने भागले की मिनिटे मिळतात. समजा ३,७०० मीटर लिहिले आहे, तर चित्रपट १३५ मिनिटांचा आहे. तुमच्या समोरची प्रत ११२ मिनिटांची असेल तर तेवीस मिनिटे कोणीतरी खाल्ली आहेत. प्रमाणपत्र अस्पष्ट असून केवळ रिळे मोजता आली, तर एका रिळाला दहा मिनिटे धरून अंदाज करावा. रीळ पूर्ण भरलेले असेल तर अकरा मिनिटे चालते, पण तसे ते क्वचितच असते.

येथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. दूरदर्शन संचासाठी केलेल्या काही जुन्या प्रती सेकंदाला २५ चौकटींच्या वेगाने चालतात. त्यामुळे १३५ मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता १३० मिनिटांच्या आसपास संपतो. तेव्हा चारपाच मिनिटांच्या फरकावरून कोणावर आळ घेऊ नका. दुसरी खबरदारी तारखेची. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची असे (२०२३च्या दुरुस्तीने कायद्यातून ही मुदत गेली), म्हणून पुढे पुन्हा प्रमाणित केलेल्या प्रतीवर नंतरचे साल दिसते. त्या सालावरून चित्रपटाचे वर्ष ठरवू नये. मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ हा शब्द जाऊन ‘प्रमाणन’ हा शब्द १९८३च्या जूनमध्ये आला. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या चित्रपटावर ‘प्रमाणन मंडळ’ असे लिहिलेले असेल, तर ते प्रमाणपत्र नंतरचे आहे हे ओळखावे.

लांबीखेरीज रुंदीही पाहावी. त्या काळातले अनेक चित्रपट चौकोनी चौकटीत चित्रित झाले आहेत आणि आजच्या रुंद पडद्यावर ते ‘भरून’ दाखवण्यासाठी वरची आणि खालची पट्टी छाटली जाते. श्रेयनामावलीतली अक्षरे वर किंवा खाली अर्धवट कापलेली दिसली, तर ती प्रत सोडून द्या. अशा प्रतीत नटाचा चेहरा उरतो आणि हात जातात, आणि विनोदी नटाचे निम्मे काम हातात असते.

४. खोटे कोणी, केव्हा आणि कोणाशी बोलले, याची नोंद ठेवा

वही यासाठीच आणायला सांगितली होती. पहिल्या वीसपंचवीस मिनिटांत या चित्रपटांतले कोणीतरी एक लहानसे, निरुपद्रवी खोटे बोलते. ते बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. ‘किसी से ना कहना’ (१९८३) पाहा: आधुनिक मुलींचा धसका घेतलेल्या वडिलांना न शिकलेली, संस्कारी सून हवी आहे, मुलाचे प्रेम आहे ते एका डॉक्टरशी, म्हणून ती डॉक्टर गावाकडची अशिक्षित मुलगी बनून घरात येते. येथून पुढे प्रत्येक प्रसंग हा पहिले खोटे झाकण्यासाठीचे दुसरे खोटे आहे. आपल्याकडे ज्यांनी रंगभूमीवर फार्स पाहिले आहेत, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. फार्समध्ये मात्र दारे धडाधड उघडतात आणि मिटतात; येथे दार मिटलेलेच असते आणि आतले माणूस घाम पुसत असते. म्हणूनच नवख्यांना हे चित्रपट संथ वाटतात. पहिली पंचवीस मिनिटे कोणी हसले नाही, तरी उठू नका.

याच चित्रपटात एका हॉटेलच्या पाटीवर ‘हनीमून’ची अक्षरे बदलून ‘हनुमान’ केलेले दिसते. त्या पाटीवर कोणी भाष्य करीत नाही आणि चित्रही तेथे फार रेंगाळत नाही. तेवढ्यात तुम्ही मोबाइलकडे पाहिलेत तर तो विनोद गेला. नायकाच्या मागे भिंतीवर काय टांगले आहे, नोकर काय करतो आहे, शेजारी कोठून डोकावतो आहे, यांकडे डोळा ठेवण्याची सवय पहिल्या दोन चित्रपटांतच लावून घ्यावी.

५. गाणी पुढे ढकलू नका

गाणी म्हणजे पाणी पिण्याची सुटी असा समज येथे महागात पडतो. ‘चश्मे बद्दूर’मध्ये मित्र आपल्या प्रेमविजयाच्या थापा मारतात तेव्हा जुन्या हिंदी गीतांची नक्कल करणारे गाणे येते, ती थापच गाण्यात आहे. ते वगळले तर पुढच्या गैरसमजाला पायाच उरत नाही.

६. कोणासोबत पाहायचे, हे विषय पाहून ठरवा

जुना आणि हलकाफुलका म्हणजे निरागसच, असे धरून चालू नका. ‘शौकीन’मध्ये अशोककुमार, ए. के. हंगल आणि उत्पल दत्त असे तीन वृद्ध तरुणपणाची हौस फेडायला गोव्याला जातात आणि तिघेही एकाच तरुणीच्या मागे लागतात. माझ्या मते हा वृद्धांच्या फजितीचा चित्रपट आहे आणि शेवटी हसे त्यांचेच होते, तरीही दहा वर्षांच्या मुलाशेजारी बसून पाहताना मला दोनदा घसा खाकरावा लागला. ‘छोटी सी बात’चा नायक मुलीच्या मागोमाग चालत राहतो आणि मग खंडाळ्याच्या कर्नलकडे जाऊन तिला जिंकण्याचे डावपेच शिकतो, आज कॉलेजात जाणाऱ्या माझ्या पुतणीला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही आणि तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. मी अजूनही तो चित्रपट पाहतो. फक्त आता त्यातल्या मुंबईसाठी अधिक पाहतो, कारण जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ हे उपाहारगृह २०१५मध्ये बंद झाले आणि तिथले ते टेबल आता या चित्रपटातच काय ते उरले आहे.

सर्व वयांच्या मंडळींसाठी ‘कथा’ (१९८३) बिनधोक आहे. श्री. ग. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून सई परांजपे यांनी तो केला. चाळीतली माणसे, सामाईक नळ, गॅलरीतल्या गप्पा, सारे हिंदीत असूनही अस्सल मराठी आहे. ससा जिंकतो की कासव, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही.

७. एकदोन महिन्यांनी मराठीकडे या

येथे सापळा निराळा आहे. मराठी विनोदी चित्रपट म्हटले की ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध आठवतो आणि त्यामागचे सगळे धुक्यात राहते. राजा परांजपे यांनी १९५२ ते १९५६ या काळात केलेल्या चित्रपटांची नावे पाहा: ‘पेडगावचे शहाणे’, ‘गंगेत घोडं न्हालं’, ‘आंधळा मागतो एक डोळा’. म्हणी आणि वाक्प्रचारांचा डबाच उघडल्यासारखे वाटते. सुरुवात मात्र ‘लाखाची गोष्ट’पासून (१९५२) करा. ठरलेल्या मुदतीत लाख रुपये उडवून दाखवायचे, असा पेच दोन कफल्लक मित्रांसमोर आहे. घरातल्या लहानांना आधीच सांगून ठेवा की त्या काळी लाख रुपये संपवणे खरोखरच कठीण होते, नाहीतर “एक फोन घ्यायचा, झाले!” असा तोडगा पहिल्या पाच मिनिटांत येतो.

‘गुळाचा गणपती’ (१९५३) हा नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे, परंतु संपूर्ण पाहिलेला माणूस शोधावा लागतो. ‘इंद्रायणी काठी’ हे भीमसेन जोशींचे गाणे यातलेच आहे; अनेकांना तो संतांचा अभंग वाटतो, शब्द गदिमांचे आणि चाल पु. लं.ची आहे. या जुन्या मराठी चित्रपटांच्या आवाजाची प्रत बहुधा खरखरीत असते, म्हणून कानाला लावायचे हेडफोन वापरावेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एखादा खेळ लागलाच, तर तो चुकवू नये.

८. पाहून झाल्यावर चार ओळी लिहा

नाव, वर्ष, दिग्दर्शक, प्रतीची मिनिटे, खोटे कोणी सुरू केले, सर्वांत मोठ्याने कोण हसले आणि तुम्हाला स्वतःला काय खटकले, एवढे पुरे. गुण देऊ नका. या चित्रपटांना दिलेले गुण दुसऱ्यांदा पाहताना हमखास बदलतात. इतरांना सुचवताना शेवट सांगितला तरी बिघडत नाही, पण खोटे कोणते ते सांगू नये.

नमुन्यादाखल माझ्या वहीतली एक नोंद देतो: “रंगबिरंगी, १९८३, हृषीकेश मुखर्जी. मित्राच्या कोमट संसाराला ऊब यावी म्हणून देवेन वर्मा काडी लावतात. आई सर्वांत मोठ्याने हसली, भाटवडेकरांना. उत्तरार्धात एक गोंधळ जास्त झाला. पुन्हा पाहावा, मात्र रविवारी दुपारी आमरसावर नको. मध्ये दहा मिनिटे डोळा लागला आणि कोण कोणाला फसवत आहे ते बायकोला विचारावे लागले. तिलाही सांगता आले नाही.”